सामायिकाची ४८ मिनिटे

मुनिधर्मातील पाच समित्यांमध्ये ईर्या, भाषा, एषणा आणि आदाननिक्षेपण यांच्या पंक्तीत पाचवी समिती मलमूत्रविसर्जनाची आहे. कसे चालावे, कसे बोलावे, आहार कसा स्वीकारावा हे ज्या गांभीर्याने सांगितले, त्याच गांभीर्याने लघुनीती कोठे आणि कोणत्या यतनेने करावी हेही शास्त्रकारांनी सांगितले. श्रावकाच्या पौषधव्रतातसुद्धा विसर्जनाची जागा न पाहता, न प्रमार्जता वापरणे हा अतिचार मानला आहे. देहाची ही क्रिया ज्या परंपरेने व्रताच्या कक्षेत घेतली, त्याच परंपरेच्या घरांत मात्र वडीलधाऱ्या पुरुषांच्या तोंडून तिच्याविषयी एक शब्द निघत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी किरणोपचार, म्हणजे बोलीभाषेतला ‘शेक’, घेतलेल्या पुरुषांच्या बाबतीत हे मौन फार महागात पडते.

अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एकाला बाजाराने ओळख दिली, दुसऱ्याला रेल्वेने. चांदूर रेल्वेच्या व्यापारी घरांमध्ये ही रेल्वेच पुढे रुग्णाला उपचारांकडे नेते. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय असो वा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय असो, पूर्वेकडे जाणारी गाडी धरली की दिवसाउजेडी पोहोचता येते. ज्यांचे नाव त्या नागपूरच्या रुग्णालयाला दिले आहे, त्या तुकडोजी महाराजांचा देहही १९६८ साली कर्करोगानेच गेला आणि त्यांचे गुरुकुंज चांदूरच्या शेजारच्याच तिवसा तालुक्यात आहे. म्हणजे या रोगाचे नाव या पंचक्रोशीला नवे नाही. नवे आहे ते एवढेच, की आता पुष्कळ रुग्ण बरे होऊन दुकानाच्या गादीवर परत येऊन बसतात आणि उपचारांचे जे शेष राहते ते निमूटपणे सोसत बसतात.

प्रोस्टेट, अर्थात पुरःस्थ ग्रंथी, अक्रोडाएवढी असते. तिचे स्थान मूत्राशयाच्या अगदी तळाशी आहे आणि मूत्रमार्ग तिच्या मधून आरपार जातो. ग्रंथीवर नेमके किरण सोडायचे तर मूत्राशयाचा तळ आणि मूत्रमार्गाचा तो भाग पूर्णपणे वगळणे आजच्या उत्तम यंत्रालाही शक्य नाही. किरणांचा फटका मूत्राशयाच्या आतल्या अस्तरालाही बसतो. म्हणून उपचार सुरू झाल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला जळजळ होऊ लागते, तासातासाला उठावे लागते, धार बारीक होते, लागली की थोपवता येत नाही आणि रात्रीची झोप चार-पाच वेळा मोडते. पहिल्या आठवड्यात काहीच झाले नाही म्हणून निर्धास्त झालेला गृहस्थ इथेच गोंधळतो. उपचार चुकला की काय, रोग वाढला की काय, अशी शंका त्याला छळते. वास्तविक हा त्रास बहुतेकांच्या बाबतीत शेक संपल्यानंतर काही आठवड्यांत ओसरू लागतो आणि दोन-तीन महिन्यांत पुष्कळसा निवळतो. ही एक गोष्ट आरंभीच नीट समजावून सांगितली तरी निम्मी भीती जाते.

दररोजच्या शेकापूर्वी रुग्णाला लघवी करून येण्यास, नंतर ठरावीक पाणी पिण्यास आणि ठरावीक वेळ थांबण्यास सांगतात. पाण्याचे प्रमाण व थांबण्याची वेळ प्रत्येक रुग्णालयाची निराळी असते, पण हेतू एकच. मूत्राशय भरले की त्याचा वरचा मोठा भाग आणि आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला सरकतात. उपचारांची आखणी करताना काढलेल्या सी.टी. स्कॅनमध्ये मूत्राशय जेवढे भरलेले होते, साधारण तेवढेच ते दररोज भरलेले असावे लागते. तेव्हा ‘पाणी प्या’ हा तेथील तंत्रज्ञाचा आग्रह म्हणजे निव्वळ शिष्टाचार नव्हे. तो उपचारांचाच भाग आहे.

जैन घरांचा खरा प्रश्न येथे उभा राहतो. उकळलेल्या पाण्याचा नियम असलेल्याने आपली बाटली घरून न्यावी, यात काही अडचण नाही. रुग्णालयाला पाण्याच्या मापाशी कर्तव्य आहे, ते कोठून आले याच्याशी नाही. अडचण वेळेची आहे. यंत्रावर गर्दी असते आणि रुग्णाची पाळी सायंकाळी सहा-सातला येऊ शकते. हिवाळ्यात वऱ्हाडात सूर्य सहाच्या आधीच मावळतो. चौविहार पाळणारा गृहस्थ अशा वेळी पाणी न पिताच टेबलावर जाऊन झोपतो आणि विचारल्यास ‘प्यायलो’ म्हणून सांगतो. पाण्याचा नियम मोडू नये म्हणून सत्याचा नियम मोडला जातो आणि मूत्राशयावर नको तेवढे किरण पडतात, ते निराळेच. उपाय अगदी साधा आहे. पहिल्याच भेटीत आपला नियम स्पष्ट सांगून सकाळची वेळ मागून घ्यावी. शक्य असेल तेथे रुग्णालये ती देतात, मात्र कारण कळले तरच. रात्रीभोजनत्यागाचे व्रत सांगायला ज्याला लाज वाटते त्याने ते व्रत घेतले कशासाठी, असा प्रश्न विचारायला हरकत नाही.

उपवासाविषयीही असेच. चातुर्मासात शेक चालू असेल तर चौविहार उपवास, म्हणजे पाण्याविनाचा दिवस, हा उपचारांच्या आड येतो. तिविहार करावा की नाही, एकासन झेपेल की नाही, हे गुरुमहाराज आणि डॉक्टर या दोघांनाही विचारूनच ठरवावे. प्रत्याख्यानाच्या पाठात जे आगार सांगितले आहेत, त्यांत सर्वसमाधिप्रत्ययाकार हा आगार आहे. तीव्र व्याधीने समाधी भंग पावत असता औषधासाठी दिलेली ती मुभा आहे. पूर्वाचार्यांनी नियम बांधतानाच आजारी माणसाची आठवण ठेवली होती. आजारी माणूसच ती मुभा विसरतो, आणि घरचेही त्याला तिची आठवण करून देत नाहीत.

शेक सुरू असताना आणि संपल्यानंतरही सर्वांत अधिक आढळणारी चूक म्हणजे पाणी तोडणे. ‘पाणी कमी प्यायलो तर लघवी कमी लागेल’ हा हिशोब व्यापाऱ्याच्या बुद्धीला पटण्यासारखा आहे, पण तो चुकीचा आहे. पाणी कमी झाले की लघवी दाट व उग्र होते, आधीच सोललेल्या अस्तराला ती अधिक झोंबते आणि थेंबभर साठली तरी उठावे लागते. शिवाय जंतुसंसर्गाला वाट मिळते. योग्य रीत अशी, की सकाळपासून दुपारपर्यंत थोडे थोडे पाणी पुरेसे घ्यावे आणि सायंकाळनंतर कमी करावे. रात्री वारंवार उठावे लागणाऱ्या रुग्णाला डॉक्टरही हेच सांगतात. चौविहार पाळणाऱ्याचे हे दुसरे अर्ध आपोआप सांभाळले जाते. पहिले अर्ध तेवढे राहून जाते. सकाळी दुकान उघडल्यापासून दुपारपर्यंत चार कप चहा आणि पाण्याचा एक पेला, ही बाजारपेठेची नित्याची रीत आहे. चहा व कॉफी मूत्राशयाला चेतवतात. शेकाच्या काळात चहा एक-दोन कपांवर आणावा, वऱ्हाडी तिखटाचा हातही जरा आवरता घ्यावा. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘लघवीचे कसे काय?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ हे उत्तर ठरलेले असते. बहुधा बरोबर मुलगा असतो, कधी सून असते, आणि त्यांच्यादेखत याहून अधिक बोलणे होत नाही. यावर व्यापारी घराला सहज जमेल असा एक मार्ग आहे. ज्याने आयुष्यभर रोजमेळ लिहिला त्याने तीन दिवस लघवीचा रोजमेळ लिहावा. किती वाजता पाणी वा चहा घेतला, किती वाजता लघवी झाली, मापाच्या भांड्यात ती किती भरली, घाई झाली का, कपडे ओले झाले का, रात्री किती वेळा उठावे लागले. एवढ्या पाच-सहा रकान्यांतून डॉक्टरांना जे कळते ते अर्ध्या तासाच्या बोलण्यातून कळत नाही. मूत्ररोगतज्ज्ञ जगभर सात प्रश्नांची एक गुणपत्रिका वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. शेकापूर्वी एकदा आणि नंतर दर भेटीला ती भरली, तर त्रास चढतो आहे की उतरतो आहे हे आकड्यांत दिसते. बाप आणि मुलगा एकमेकांच्या नजरेला नजर न देताही तो कागद डॉक्टरांच्या हाती देता येतो, हाही त्याचा एक लाभ.

त्रास कळला की उपाय पुष्कळ आहेत. आधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहतात. मधुमेह असेल तर रक्तातील साखर पाहतात, कारण वाढलेली साखरही वारंवार लघवीला लावते आणि दोष शेकाला दिला जातो. मूत्रमार्गाचे स्नायू सैल करणाऱ्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी धार सुधारते. ही गोळी पुष्कळदा ‘रात्री झोपताना’ म्हणून लिहून दिली जाते आणि चौविहारवाले गृहस्थ ती घेतच नाहीत. दररोज एकाच जेवणानंतर सुमारे अर्ध्या तासाने ती घ्यायची असते; तेव्हा सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी अर्धा-पाऊण तास आटोपून ती घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. तिने काहींना उठताना चक्कर येते, म्हणून रात्री अंथरुणातून एकदम उभे राहू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची असेल तर नेत्रतज्ज्ञांना ही गोळी चालू असल्याचे आवर्जून सांगावे. घाईच्या लघवीसाठी मूत्राशयाला शांत करणाऱ्या निराळ्या गोळ्या आहेत. त्यांतील काहींनी तोंडाला कोरड पडते व बद्धकोष्ठ होतो, आणि ज्यांना लघवी पूर्ण सुटतच नाही अशांना त्या अपायकारक ठरू शकतात. तेव्हा शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलच्या दुकानातून या गोळ्या आणू नयेत.

गोळ्यांबरोबर दोन सवयी उपयोगी पडतात. एक म्हणजे घड्याळाप्रमाणे लघवीला जाणे. लागण्याची वाट न पाहता दर दीड-दोन तासांनी जावे आणि त्रास उतरू लागला की अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवीत न्यावे. दुसरी म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा व्यायाम. योगाभ्यासात ज्याला मूलबंध म्हणतात त्याच्या जवळचा हा प्रकार आहे. लघवी अडवताना जे स्नायू आवळले जातात तेच बसल्या जागी आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. प्रत्यक्ष लघवी चालू असताना मात्र हा व्यायाम करू नये. गादीवर बसून गिऱ्हाईकाशी बोलता बोलताही तो होतो आणि कोणाला कळत नाही.

उपचार निवडतानाच या त्रासाचा विचार व्हायला हवा, आणि तसा तो करण्यासाठी आधार महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने २०११ ते २०१७ या काळात अधिक जोखमीचा प्रोस्टेट कर्करोग असलेल्या २२४ रुग्णांवर एक अभ्यास केला. निम्म्यांना केवळ प्रोस्टेटवर किरण दिले, निम्म्यांना प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातील लसीका ग्रंथींवरही. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर पी.एस.ए. परत न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१.२ टक्के तर दुसऱ्या गटात ९५ टक्के होते. पण मध्यम वा त्याहून अधिक तीव्रतेचा, उशिरा उद्भवणारा मूत्रविकार पहिल्या गटात ८.९ टक्क्यांना तर दुसऱ्यात २० टक्क्यांना झाला. नफा मोठा, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमतही स्पष्ट. ज्याचा रोग कमी जोखमीचा आहे त्याला हे आकडे लागू नाहीत, हे ध्यानात असावे.

शस्त्रक्रियेशी तुलना करावयाची तर ब्रिटनमधील १६४३ पुरुषांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाकडे पाहावे लागते. सहा महिन्यांनी ओलेपणासाठी पॅड वापरणारे शस्त्रक्रियेच्या गटात ४६ टक्के होते, किरणोपचाराच्या गटात ५ टक्के. सहा वर्षांनी तेच प्रमाण १७ आणि ४ टक्के होते. म्हणजे शेकाने होणारा त्रास मुख्यतः घाईचा, जळजळीचा आणि वारंवारतेचा. गळतीचा त्रास शस्त्रक्रियेत अधिक. ज्यांच्या प्रोस्टेटची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आधी झाली आहे, किंवा ज्यांची धार शेकापूर्वीच फार बारीक आहे, त्यांची जोखीम निराळी असते. हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. व्यवहारात दहा ठिकाणी भाव विचारणारा माणूस उपचारांच्या बाबतीत मात्र एकही प्रश्न विचारत नाही, आणि यालाच श्रद्धा म्हणतो.

घरात व दुकानात करावयाचे बदल किरकोळ आहेत, पण ते दुसऱ्या कोणी सुचवावे लागतात. जुन्या वाड्यांमध्ये शौचालय अंगणाच्या पार टोकाला असते. सत्तरीच्या माणसाने रात्री चार वेळा ते अंतर अंधारात कापणे म्हणजे मांडीचे हाड मोडून घेण्याची तयारी होय. खोलीत लघवीचे भांडे ठेवावे, वाटेत दिवा चालू ठेवावा. दुकानात सोय नसेल तर शेजारच्या दुकानदाराशी मुलाने एकदा बोलून ठेवावे. रुग्णालयातून निघताना, तहान असो नसो, लघवी करूनच स्टेशनावर यावे आणि बसऐवजी शौचालय असलेली गाडी धरावी. रोज ये-जा करण्यापेक्षा शेकाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत नागपुरात किंवा वर्ध्यात नातेवाइकांकडे वा धर्मशाळेत मुक्काम करणे बरे, कारण त्रास तेव्हाच ऐन भरात असतो.

सर्वांत मूक हानी होते ती स्थानकात आणि मंदिरात. सामायिक ४८ मिनिटांचे. पूर्वी जो गृहस्थ सलग तीन सामायिके करी, तो शेकानंतर एकही पूर्ण होण्याची खात्री नाही म्हणून येणेच सोडतो. प्रवचनात मध्येच उठावे लागेल, लोक पाहतील, कपडा ओला झाला तर अशुद्धी होईल, या भीतीने वर्षानुवर्षांचा नियम तुटतो. कारण कोणालाच ठाऊक नसल्यामुळे ‘आजारानंतर धर्मावरचे मन उडाले’ असा त्याचा अर्थ लावला जातो. अशा श्रावकाला दाराजवळची जागा राखून ठेवणे संघाला कठीण नाही. सामायिकात उठणे अपरिहार्य झाल्यास काय करावे, पॅड वापरून बसावे का, पौषधात लघुनीतीनंतर ईर्यावही करून पुन्हा स्थिर होण्याची जी रीत आहे तिच्या आधारे काही करता येईल का, हे प्रश्न महाराजसाहेबांपुढे एकांतात मांडावेत. शय्येवर पडलेल्या ग्लानाच्या वैयावृत्त्याचे ज्यांना नित्य भान आहे, त्यांना हे प्रश्न ऐकून आश्चर्य वाटणार नाही. आणि बसणे जमलेच नाही, तर मूत्राशय रिकामे करून घरीच सामायिक करावे. औषध लागू पडले की स्थानकातले आपोआप साधते.

शेक संपून वर्ष, दोन वर्षे, कधी दहा वर्षे लोटल्यावर दुसऱ्या प्रकारचा त्रास उद्भवू शकतो. किरणांनी मूत्राशयाच्या भिंतीतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूंच्या जागी चिवट तंतू वाढतात, पिशवीची लवचिकता जाते आणि ती थोडे पाणीच धरू शकते. नव्याने फुटलेल्या नाजूक रक्तवाहिन्या सहज फुटतात आणि लघवीतून रक्त जाते, अनेकदा वेदनेशिवाय. मूत्रमार्ग आकसून धार दिवसेंदिवस बारीक होते. असे सर्वांना होत नाही, पण ज्याला होते तो दहा वर्षांपूर्वीच्या उपचारांशी त्याचा संबंध जोडत नाही. ‘उष्णता झाली’ म्हणून धन्याचे पाणी घेत बसतो. एकदाही लघवीतून रक्त गेले तरी तपासणी करून घ्यायलाच हवी. दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहतात, कारण क्वचित तेथे निराळी गाठही असू शकते. रक्त पातळ करणारी गोळी हृदयासाठी चालू असेल तर ती स्वतः होऊन बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट ताठले, किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयात जाऊन आधी नळी घालून घ्यावी, नागपूर नंतर. रक्तस्राव वारंवार होत असेल तर मूत्राशय धुण्यापासून रक्तस्रावाची जागा जाळण्यापर्यंतचे उपाय मोठ्या केंद्रांत आहेत. काही ठिकाणी दाबाखालील प्राणवायूच्या कक्षातही रुग्णाला ठेवतात.

त्या वेळी नव्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असेल, शेक कधी घेतला, कोठे घेतला, एकूण मात्रा किती होती. दहा वर्षांनंतर हे कोणालाही आठवत नाही. रुग्णालयाने दिलेला उपचारांचा सारांश, मात्रेच्या आकड्यासह, खरेदीखते आणि विम्याचे कागद ज्या कपाटात ठेवतात त्याच कपाटात ठेवावा, आणि तो तेथे आहे हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे.